वरचे नाव, खालचे नाव

चित्रपटाच्या पोस्टरवर लेखकाचे नाव दिसावे म्हणून इंदूरच्या एका माणसाला आणि ग्वाल्हेरच्या त्याच्या जोडीदाराला एकदा रंगारी लावावा लागला होता. १९७३ साली ‘जंजीर’ प्रदर्शित होताना मुंबईभर जी पोस्टरे लागली, त्यांवर ज्यांनी कथा-पटकथा-संवाद लिहिले त्या दोघांचाच पत्ता नव्हता. मग सलीम-जावेद या जोडीने रंगाचा डबा आणि स्टेन्सिल घेतलेला माणूस शहरात फिरवला आणि जागोजाग पोस्टरांवर लेखक म्हणून आपले नाव उमटवून घेतले. सलीम खान यांचा जन्म इंदूरचा, जावेद अख्तर यांचा ग्वाल्हेरचा. त्यामुळे ही हकिकत आमच्या माळव्यात मोठ्या हौसेने सांगितली जाते आणि ऐकणारे दिलखुलास हसतात. मला मात्र तिच्यात हसण्यासारखे कधी काही दिसले नाही. ज्याने काम केले त्याला स्वतःच्या नावासाठी पदरमोड करून रंग विकत घ्यावा लागतो, ही त्या व्यवसायाची लाज आहे.

लेखनाच्या श्रेयावरून झालेल्या वादांत ज्या चित्रपटावर सर्वाधिक शाई खर्ची पडली, तो अमेरिकन आहे. १ मे १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दाखवला गेलेला ‘सिटिझन केन’ हा ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ मासिकाच्या दर दहा वर्षांनी होणाऱ्या कौलात १९६२ पासून २००२ पर्यंत पहिल्या क्रमांकावर राहिला. दिग्दर्शक, निर्माता आणि प्रमुख अभिनेता एकच, तो म्हणजे पंचविशीतला ऑर्सन वेल्स. पटकथेच्या श्रेयात मात्र दोन नावे आहेत, एकाखाली एक: वर हर्मन मॅन्किविट्झ, खाली ऑर्सन वेल्स. या दोन नावांपैकी कोणाचा वाटा किती, हा प्रश्न चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच उपस्थित झाला आणि दोघेही जाऊन इतकी वर्षे लोटली तरी तो मिटलेला नाही. मी त्याचा पिच्छा पुरवीत आलो आहे, आणि त्यामागे माझे एक घरगुती कारणही आहे. ते पुढे येईलच.

वेल्स हॉलिवुडला आला तो रंगभूमी आणि आकाशवाणी गाजवून. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री त्याने मंगळावरून झालेल्या आक्रमणाचे नभोनाट्य असे काही सादर केले की ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांना ती खरी बातमी वाटली. त्या नभोनाट्याची संहिता हॉवर्ड कॉख या तरुण लेखकाची होती. पुढे एका अभ्यासकाने त्या रात्रीच्या घबराटीवर पुस्तक लिहिले आणि त्यात संहिता कॉखच्या नावाने छापायचे ठरवले, तेव्हा वेल्सने त्याला जोरदार हरकत घेतली. ‘केन’चा वाद समजून घेताना हा प्रसंग विसरता येत नाही, कारण माणसांच्या सवयी एका कामातून दुसऱ्या कामात त्यांच्याबरोबर जातात. १९३९ साली आरकेओ या चित्रपट कंपनीने वेल्सशी जो करार केला, त्यात अंतिम संकलनाचा अधिकारही त्याच्याकडे राहिला. पहिलाच चित्रपट करणाऱ्याला असे स्वातंत्र्य तिथे कोणी देत नसे.

मॅन्किविट्झ त्याच्याहून अठरा वर्षांनी मोठा. बर्लिन आणि न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता केलेला, नाट्यसमीक्षक म्हणून नावाजलेला, बोलण्यात वाकबगार, आणि दारू व जुगार या दोन्हींनी पोखरलेला. १९२६ पासून तो हॉलिवुडमध्ये होता आणि तिथल्या रिवाजानुसार दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करून देत होता. ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटावर ज्या अनेक लेखकांनी काम केले त्यांपैकी तो अगदी सुरुवातीचा; पडद्यावर त्याचे नाव नाही. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये मोटार अपघातात त्याचा पाय मोडला, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने वेल्सच्या नभोनाट्यमालेसाठी संहिता लिहून दिल्या. त्याही बिननावाच्याच. १९४० च्या आरंभी ‘केन’चे काम त्याच्याकडे आले तेव्हा आठवड्याला १००० डॉलर आणि संहिता पूर्ण करून दिल्यावर आणखी ५००० डॉलर अशी बोली झाली.

त्या करारातील एका कलमाशी मी नेहमी थबकतो. मॅन्किविट्झ जे जे लिहील, सुचवील किंवा भर घालील, त्या सर्वांचा कर्ता वेल्सची मर्क्युरी ही संस्था मानली जाईल, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे एक ओळही कागदावर उतरण्याआधी लेखकाने कर्तेपण सोडून दिले होते. असे करार तेव्हा सर्रास होत. संस्थेने काही खास कपट केले असे म्हणता येणार नाही, आणि मॅन्किविट्झने डोळे उघडे ठेवून सही केली हेही खरे. तरीही मला वाटते की हक्क विकता येतात, मानधनाची घासाघीस करता येते, पण हे काम अमुक माणसाने केले ही गोष्ट विकता येत नाही. ती घडून गेलेली असते आणि कराराने बदलत नाही.

लेखन झाले ते कॅलिफोर्नियातील व्हिक्टरविल नावाच्या वाळवंटी गावाजवळच्या एका अतिथिगृहात. पायाला प्लास्टर, बाटलीपासून दूर ठेवण्यासाठी आणि संपादनासाठी सोबत जॉन हाउसमन, आणि सांगितलेला मजकूर उतरून घ्यायला रिटा अलेक्झांडर नावाची सचिव. चित्रपटातील गायिका सुसान अलेक्झांडरचे आडनाव तिच्यावरूनच आले. मार्च ते मे असे सुमारे तीन महिने हे चालले आणि तिथून ‘अमेरिकन’ या शीर्षकाचा भलामोठा खर्डा बाहेर पडला. चित्रपटाचा नायक केन ज्याच्यावर बराचसा बेतलेला आहे, त्या वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या सॅन सिमिऑन येथील वाड्यावर मॅन्किविट्झ पाहुणा म्हणून जाऊन आलेला होता. त्या दिवाणखान्यांची, त्या श्रीमंतीची आणि तिच्यातील एकटेपणाची माहिती त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी मिळवलेली होती. वृत्तपत्राच्या कचेरीतील बोलणे कसे असते, हेही वेल्सपेक्षा त्याला कितीतरी जास्त ठाऊक होते.

इकडे वेल्स हातावर हात ठेवून बसला नव्हता. आपणही स्वतंत्रपणे लिहीत होतो आणि शेवटी दोन्ही खर्डे एकत्र केले, असे त्याने पुढे सांगितले. त्याची साहाय्यक कॅथरिन ट्रॉस्पर हिला, वेल्सने पटकथेची एकही ओळ लिहिली नाही हा आरोप ऐकवला गेला तेव्हा, मग मी त्यांच्यासाठी सारखी टंकत होते ते काय होते, असा तिचा उलटा प्रश्न होता. टंकलेखन करणाऱ्या बाईचा हा एक प्रश्न मला समीक्षकांच्या पानापानांच्या विवेचनाहून मोलाचा वाटतो. कोणता कागद कोणाकडून आला हे तिला माहीत होते.

वादाची ठिणगी मात्र वेल्सच्या बाजूनेच पडली. १९४० च्या उन्हाळ्यात एका गाजलेल्या चित्रपटविषयक सदरात ‘सिटिझन केन’ आपणच लिहिल्याचे त्याचे विधान छापून आले आणि मॅन्किविट्झ खवळला. त्याने पटकथालेखकांच्या संघटनेकडे धाव घेतली. ही संघटना १९३३ साली स्थापन झालेली, म्हणजे तशी नवीच होती. बऱ्याच ताणाताणीनंतर १९४१ च्या आरंभी दोघांचीही नावे देण्याचे ठरले. रिचर्ड विल्सन हा वेल्सचा सहकारी सांगत असे, की ठरलेल्या कागदावर वेल्सचे नाव आधी होते. वेल्सने पेन्सिलीने मॅन्किविट्झच्या नावाभोवती वर्तुळ काढले आणि बाण ओढून ते वर नेले. ज्याला कराराने पूर्ण मुभा होती, त्याने आपल्या हाताने दुसऱ्याचे नाव आपल्यावर नेले. चित्रपटाच्या शेवटी येणाऱ्या नामावलीत त्याने दिग्दर्शक म्हणून स्वतःचे आणि छायालेखक म्हणून ग्रेग टोलंडचे नाव एकाच फलकावर ठेवले, हेही याच वेल्सने केले. म्हणून त्याला सरसकट चोर ठरवणारे लेखन मला पटत नाही. नभोनाट्याच्या वेळी हरकत घेणारा आणि सदरात सगळे श्रेय घेणारा वेल्स आणि बाण ओढणारा वेल्स, हा एकच माणूस आहे.

नऊ नामांकनांपैकी एकच ऑस्कर ‘केन’ला मिळाले, तेही नेमके पटकथेसाठी. फेब्रुवारी १९४२ मधील त्या समारंभाला दोघांपैकी कोणीही हजर नव्हते. वेल्स तर ब्राझीलमध्ये चित्रीकरण करीत होता. आपण गेलो असतो तर काय बोललो असतो हे मॅन्किविट्झने नंतर सांगून टाकले: श्रीयुत वेल्स यांच्या अनुपस्थितीत हा पुरस्कार स्वीकारताना मला आनंद होतो, कारण पटकथाही त्यांच्या अनुपस्थितीतच लिहिली गेली. हे वाक्य इतके नेमके बसले आहे की पुढच्या पिढ्यांनी पुरावा तपासण्याऐवजी तेच पुन्हा पुन्हा उद्धृत केले. १९५३ साली मॅन्किविट्झ वारला.

१९७१ च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या दोन अंकांत पॉलिन केल या समीक्षिकेने प्रदीर्घ निबंध लिहून जवळजवळ संपूर्ण श्रेय मॅन्किविट्झच्या पदरात टाकले. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा कर्ता, हा विचार फ्रान्समधून अमेरिकेत येऊन बळावला होता आणि केलचा त्याला विरोध होता. त्या विरोधात मी तिच्या बाजूचा आहे. चित्रपटाला फक्त दिग्दर्शकाचे नाव चिकटवून मोकळे होण्याची सवय आपल्याकडेही इतकी मुरली आहे की लेखक कोण, असे विचारले तर चांगले जाणकारही चाचपडतात. पण केलने आपल्या मताच्या सोयीसाठी तपास अर्धवट ठेवला. तिने वेल्सशी बोलण्याची तसदी घेतली नाही. आणखी एक गोष्ट मला अधिक खटकते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील हॉवर्ड सूबर या प्राध्यापकाने या पटकथेवर बरेच संशोधन करून ठेवले होते. ते केलने वापरले, त्याबद्दल त्याला किरकोळ रक्कम दिली आणि निबंधात त्याचा नामोल्लेखही केला नाही. एका लेखकाचे नाव बुडवले गेले म्हणून तळमळीने लिहिलेल्या निबंधातच दुसऱ्या एका माणसाचे नाव बुडाले. पीटर बॉग्दानोविच या दिग्दर्शकाने पुढच्या वर्षी दिलेल्या सडेतोड उत्तरात हे प्रकरणही उघड केले.

केलच्या आणि बॉग्दानोविचच्या लेखनात चढाओढ आहे ती कोण अधिक प्रतिभावान याची. त्यामुळे मला त्या दोघांहून रॉबर्ट कॅरिंजर या अभ्यासकाची पद्धत जवळची वाटते. त्याने १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखासाठी कंपनीच्या दप्तरातील पटकथेचे सातही खर्डे क्रमाने वाचले, कोणते पान केव्हा बदलले हे लावून पाहिले, आणि निष्कर्ष असा काढला की कथेचा सांगाडा, पात्रे, पुष्कळसे प्रसंग आणि बरेच संवाद मॅन्किविट्झने दिले, परंतु त्यातून जो बांधेसूद आणि तेजस्वी चित्रपट निघाला त्यात वेल्सचा वाटा मोठा आणि निर्णायक आहे.

चित्रपटातील दोनच जागा घेऊन हे पाहता येते. केनचा जुना सहकारी म्हातारा बर्नस्टीन बोलता बोलता १८९६ सालची आठवण सांगतो: नावेतून जाताना दुसऱ्या नावेत पांढरा पोशाख केलेली, हातात पांढरी छत्री घेतलेली एक मुलगी त्याला क्षणभर दिसली होती, तिने त्याला पाहिलेसुद्धा नाही, पण त्यानंतर असा एकही महिना गेला नाही की त्याला तिची आठवण झाली नाही. कथानकाला या आठवणीची काडीइतकी गरज नाही, आणि तरी ती काढली तर चित्रपट गरीब होईल. ही जागा सर्वस्वी मॅन्किविट्झची आहे आणि ती आपल्याला अतिशय प्रिय आहे, असे खुद्द वेल्सने सांगितले. दुसरी जागा न्याहारीच्या टेबलाची. केन आणि त्याची पहिली पत्नी एमिली यांच्या लग्नाची वर्षे काही मिनिटांत सरतात. आरंभी एकमेकांना लगटून बसलेले ते दोघे दर तुकड्यात थोडे थोडे दूर होतात आणि शेवटी लांबलचक टेबलाच्या दोन टोकांना बसून, एकही शब्द न बोलता, ती प्रतिस्पर्धी वर्तमानपत्र वाचत असते आणि तो स्वतःचे. एका एकांकिकेवरून आपण ही युक्ती उचलली असे वेल्सने मोकळेपणाने सांगितले आहे. पहिली जागा ऐकायची, दुसरी पाहायची. नुसत्या कानाने किंवा नुसत्या डोळ्याने हा चित्रपट लिहिला गेला नसता.

आता घरगुती कारण. इंदुरात मराठी हौशी रंगभूमीची परंपरा जुनी आहे. बाबा डिके यांच्यासारखे रंगकर्मी इथे होऊन गेले आणि रामबागेतल्या गणेशोत्सवात एकांकिका बसवणाऱ्यांची कधी वाण पडली नाही. माझे काका त्यांपैकीच एक. त्यांच्या एका एकांकिकेची शंभर पानी वही आमच्याकडे आहे. वाड्याच्या वाटणीसाठी समोरासमोर बसलेले दोन भाऊ, इतकाच तिचा विषय. निळ्या शाईतले अक्षर काकांचे, तांबड्या शाईतले ज्यांनी ती बसवली त्या दिग्दर्शकांचे. प्रयोगाच्या छापील पत्रिकेत ‘लेखन आणि दिग्दर्शन’ या दोन्हींपुढे एकाच व्यक्तीचे नाव आले आणि काकांचे नाव शेवटी, सहकार्य करणाऱ्यांच्या यादीत, सतरंज्या पुरवणाऱ्यांच्या खाली छापले गेले. काकांनी त्यावर चारचौघांत अवाक्षरही काढले नाही. पुढे त्यांनी नाटक लिहिले नाही.

ती वही मी अनेकदा वाचली आहे. शेवटच्या प्रसंगात धाकट्या भावाच्या तोंडी काकांनी अर्ध्या पानाचे भाषण लिहिले होते. वडिलांचे कष्ट, आईची आजारपणे, वाड्यातल्या आडाचे पाणी, सगळे त्यात होते. तांबड्या शाईने ते पान आडवे छेदले आहे आणि समासात एकच ओळ लिहिली आहे: ‘दादा, किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.’ एकांकिकेतली सर्वांत चांगली ओळ हीच आहे, आणि ती काकांची नाही. हे म्हणताना काकांवर कणभरही अन्याय होतो असे मला वाटत नाही, कारण ते दोन भाऊ, तो वाडा, आणि पहिल्या प्रवेशापासून थोरल्याच्या कनवटीला असलेली ती किल्लीसुद्धा निळ्या शाईतून आलेली आहे. छेदायला पान होते म्हणून ती ओळ सुचली. परंतु तांबड्या शाईला ‘लेखन’ म्हणायचे असेल तर निळीला काय म्हणायचे, याचे उत्तर पत्रिका छापणाऱ्यांनी कधी दिले नाही. दोन्ही नावे देण्यासाठी पत्रिकेत एका ओळीची जागा लागली असती.

आपल्याच मुलखात याचे किती चांगले दाखले आहेत. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीची अखेर होते तिथे टीका ज्ञानेश्वरांनी केली आणि सच्चिदानंदबाबांनी ती आदराने लिहून घेतली, अशी दोघांच्या कामाची वेगवेगळी नोंद एकाच ओवीत आहे. याउलट १९३६ साली आलेल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची गोष्ट. त्यातले ‘आधी बीज एकले’ हे गीत शांताराम आठवले यांचे, पण ते तुकोबांचाच अभंग म्हणून असंख्य लोकांनी गायले आणि आजही गातात. कवीच्या दृष्टीने याहून मोठी पावती नाही असे म्हटले जाते. पावती खरीच, मात्र आठवल्यांचे नाव त्या गीतापुढे प्रत्येक वेळी लावले गेले तर तुकोबांचे काहीच उणे होणार नाही, आणि ते लावले जावे असा माझा आग्रह आहे. आमच्याकडच्या भजनीमंडळात हे पद झाले की मी ते नाव सांगतो.

माझ्या मते श्रेय ही गुणवत्तेची वाटणी नसून कामाची नोंद आहे, आणि नोंद करताना कोणाचे किती टक्के हे ठरवावे लागत नाही. केलला ती वाटणी हवी होती. डेव्हिड फिंचरच्या २०२० मधील ‘मँक’ या चित्रपटानेही मॅन्किविट्झची बाजू उचलून धरली. पण तो मी वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवला आहे. त्याची पटकथा दिग्दर्शकाचे वडील जॅक फिंचर यांनी लिहून ठेवली होती, ते २००३ साली वारले, आणि सतरा वर्षांनंतर पडद्यावर लेखक म्हणून त्यांचेच नाव आले.

आणि एवढ्या वादानंतरही ‘सिटिझन केन’ची नोंद पुरी झालेली नाही. व्हिक्टरविलमध्ये मॅन्किविट्झच्या शेजारी बसून रोजचा मजकूर वाचणारा, तो कापणारा, पुन्हा लिहायला लावणारा जॉन हाउसमन हा त्या पटकथेचा संपादक होता. नंतर उभे आयुष्य तो श्रेय मॅन्किविट्झचे आहे असेच सांगत राहिला. पटकथेच्या श्रेयात त्याला जागा मिळाली नाही, आणि केल, बॉग्दानोविच किंवा त्यांच्यामागून आलेल्या भांडणाऱ्यांपैकी कोणीही ती त्याला मिळावी म्हणून लेखणी उचललेली माझ्या वाचनात नाही.